अनावश्यक माहिती

पनवेलमध्ये ज्याला सगळे ओळखतात आणि ज्याच्याबद्दल कुणालाच काही माहीत नाही, असा एकच माणूस आहे, आणि दुर्दैवाने मी त्याची ज्युनियर आहे. आमच्या सरांची जन्मतारीख काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, लग्नानंतर कळली, आणि तीही काकूंच्या म्हणण्याप्रमाणे चुकून. कोर्टासमोरच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. दारावरच्या पाटीवर फक्त ‘वकील’ एवढंच लिहिलेलं आहे. नाव नाही, पदवी नाही, भेटण्याची वेळ नाही. “नाव कशाला?” असं सर विचारतात. “ज्याला माझ्याकडे यायचंय त्याला ते ठाऊक असतं. ज्याला यायचं नाही त्याच्यासाठी ती अनावश्यक माहिती आहे.” हे दोन शब्द सर येताजाता वापरतात. खालचा चहावाला जिन्यातून ओरडून विचारतो, “वर किती?” आता याचं उत्तर ‘दोन’ असं आहे, कारण ऑफिसात आम्ही दोघंच असतो. पण वर किती माणसं आहेत हे चहावाल्याला कळण्याचं काहीच कारण नाही, असं सरांचं मत आहे. म्हणून आम्ही रोज सहा चहा मागवतो. सर दोन पितात. उरलेल्या चहाचं काय होतं हे माझ्या पित्ताच्या गोळ्या सांगू शकतील.

बाकीचं पनवेल सातबारा, भूसंपादन आणि बिल्डरने न दिलेला ताबा यांवर वकिली करतं. आमचे सर मोबाईलमध्ये घडणाऱ्या गोष्टींची वकिली करतात. कुणाच्या नावाने कुणी खोटं खातं उघडलं, कर्ज देणाऱ्या ॲपने कुणाच्या फोनमधल्या सगळ्या नातेवाइकांना धमक्यांचे मेसेज धाडले, तळोज्याच्या कारखान्यात पाळी संपल्यावरही कंपनीचं हजेरीचं ॲप कामगार कुठं फिरतोय ते बघत राहिलं, की ती माणसं जिना चढून आमच्याकडे येतात. कॉलेजात मी हाच विषय आवडीने घेतला होता. मला वाटलं होतं, काचेचं ऑफिस असेल, मोठमोठ्या कंपन्यांची धोरणं वाचायची असतील, आणि माणसांशी फारसं बोलावं लागणार नाही. या शेवटच्या कारणासाठीच खरं तर मी तो विषय घेतला होता. सरांनी माझी मुलाखत घेतली तेव्हा मला वाटलं, आपल्याला देव भेटला. त्यांनी मला आडनाव विचारलं नाही, वडील काय करतात विचारलं नाही, लग्नाचं तर अजिबात विचारलं नाही. “मराठी टायपिंग येतं?” एवढंच विचारलं. मी आपण होऊन सांगितलं की मी करंजाड्याला राहते, तर हात वर करून म्हणाले, “अनावश्यक माहिती.” आज इतके दिवस झाले, पण उद्या मी आले नाही तर मला कुठे शोधायचं हे त्या माणसाला माहीत नाही.

सर मूळचे शिरढोणचे, म्हणजे आद्य क्रांतिकारकाच्या गावचे. या गोष्टीचा उल्लेख मात्र ते कुठेही करतात, कारण त्यातून त्यांना एक वाक्य मिळतं. एकदा चपलांच्या दुकानात बिल करणाऱ्या मुलीने सवयीने विचारलं, “सर, मोबाईल नंबर?” मी सोबत होते, आणि पुढे काय होणार ते मला दिसत होतं, म्हणून मी हळूच पायपुसण्यांच्या रॅकमागे गेले. सर म्हणाले, “आमच्या गावच्या माणसाने अख्ख्या इंग्रज सरकारला पत्ता लागू दिला नाही, आणि मी चपलेसाठी तुम्हाला नंबर देऊ?” शेवटी इंग्रजांना पत्ता लागला होता, हे मला शाळेतल्या इतिहासामुळे माहीत होतं, पण मी रॅकमागेच राहिले. मग माहिती कशासाठी हवी, कुठे ठेवणार, किती दिवस ठेवणार आणि नंतर ती पुसली हे कळवणार कोण, असे प्रश्न झाले. मॅनेजर आला. रांगेतली माणसं आधी चिडली, मग पेंगली. शेवटी त्या मुलीने वैतागून स्वतःचाच नंबर घातला आणि बिल केलं. त्यावर सर तिला तिच्या खासगीपणाचं मोल समजावत आणखी थांबले.

आधार कार्डाची झेरॉक्स कुणाला द्यायची असेल तर तिच्यावर ती कशासाठी दिली हे लिहावं, असा सल्ला ते सगळ्यांना देतात, आणि तो चांगला आहे. पण स्वतःच्या झेरॉक्सवर ते ‘फक्त सिमकार्डासाठी, अन्य कोणत्याही कारणासाठी नव्हे’ हे इतक्या ठळक अक्षरांत लिहितात की खालचा नंबर, फोटो आणि नाव तिन्ही दिसेनासे होतात. त्यामुळे त्यांना सिमकार्ड मिळत नाही. गॅस बुक करण्याचं ॲप घ्यायचं म्हणून त्यांनी त्याच्या सगळ्या अटी छापून आणल्या आणि लाल पेनाने वाचायला घेतल्या. ते निम्म्यावर आले तेव्हा घरातला सिलेंडर संपला. काकू शेजारच्या शेगडीवर भाकऱ्या करत होत्या आणि मला फोनवर सांगत होत्या, “अगं, त्यांना म्हणावं, कंपनीला कळू दे आम्ही जेवतो म्हणून!”

ऑफिसच्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर जखमेची पट्टी असते. ती एकदा सुटली तेव्हा सरांनी काकूंची मरून रंगाची टिकली लावली, आणि नेमकी त्याच दिवशी व्हिडिओवर सुनावणी निघाली. “वकीलसाहेब, तुम्ही दिसत नाही,” असं न्यायाधीश म्हणाले. “ऐकू येतोय ना?” सर म्हणाले. “येताय.” “मग पुरे.” त्यांच्या सोसायटीने जिन्यात कॅमेरा बसवला तेव्हापासून ते घरात शिरताना छत्री उघडतात. भर एप्रिलमध्ये, कडक उन्हातून छत्री मिटून चालत आलेला माणूस जिन्यात पाऊल टाकल्यावर ती उघडतो, हे दृश्य इमारतीतली मुलं रोज खिडकीतून पाहायला थांबतात. ज्याला कुणाच्या नजरेत यायचं नाही त्याच्याइतकं आमच्या भागात कुणीच नजरेत येत नाही, हे त्यांना कोण सांगणार? मी तर सांगणार नाही. मी रिक्षावाल्यालाही ‘इथे थांबवा’ म्हणून सांगायला लाजते.

पण सगळ्यात त्रास होतो तो अशिलांच्या नावांचा. अशिलाचं नाव कोर्टाच्या आवारात मोठ्याने घ्यायचं नाही, असा सरांचा नियम आहे. म्हणून ते प्रत्येकाला एका भाजीचं नाव देतात. “आज दुधीची तारीख आहे का?” असं ते कॉरिडॉरमध्ये मला विचारतात, आणि शेजारी उभे असलेले दुधी, म्हणजे एका बँकेचे निवृत्त अधिकारी, माझ्याकडे दुखावल्या नजरेने पाहतात. ऑफिसचं कपाट उघडलं की मंडईत आल्यासारखं वाटतं.

या कपाटात एका दुपारी एका मासळीवाल्या मावशींची फाइल आली, आणि इथून पुढे मी जे सांगणार आहे ते त्यांच्या परवानगीने सांगते आहे. नाव सांगणार नाही. ते सरांनाही चालणार नाही.

मावशी उरणकडच्या खाडीकाठच्या एका गावातल्या. पनवेलच्या मासळी बाजारात त्यांची जागा आहे. जागा म्हणजे एक ओटा, पण तो सासूकडून सुनेला येतो, आणि सासूलाही तो तिच्या सासूकडून आलेला असतो. एखादी बाई बाळंतपणाला वा आजारपणात आली नाही तर शेजारीण त्या ओट्यावर मासळीची रिकामी पाटी पालथी ठेवते, म्हणजे कुणी बसत नाही. पण पालथी पाटी कायमची राहत नाही. बाजाराला दम धरवत नाही. मावशी आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांच्या ओट्यावर पाटी पालथी होऊन बरेच दिवस झाले होते, आणि दुसऱ्या एका बाईने विचारपूस सुरू केली होती.

त्या आत आल्या तेव्हा तोंडाला मास्क होता आणि वर कपाळापर्यंत पदर ओढलेला होता. सर म्हणाले, “बसा. नाव सांगू नका.”

“नाव सगल्यांना ठावं हाय, सायेब,” मावशी म्हणाल्या. “त्याच्यासाठीच तर आली.”

झालं होतं असं. एक गिऱ्हाईक, तरणा मुलगा, एका हातात फोन धरून बाजारात फिरत होता. त्याने मावशींच्या पापलेटच्या कल्ल्यात बोट घातलं, डोळा दाबून पाहिला, परवाचं आहे म्हणाला आणि निम्मा भाव सांगितला. मावशी उठल्या आणि त्याला जे बोलायचं ते बोलल्या. फोन चालू होता. मुलाने ते पनवेलच्या बातम्या आणि गमतीजमती टाकणाऱ्या एका पेजला पाठवलं. पेजवाल्याने ते सगळं तर टाकलंच, वर त्यातलं पहिलं वाक्य घेतलं, ‘घ्यायचा नाय तर हात कशाला लावतोस रे!’, आणि त्याला ढोलाचा ठेका लावला. मग ते सगळीकडे गेलं. माझ्या मावसबहिणींच्या ग्रुपवरही आलं. हळदीला डीजे ते वाजवू लागले. मावशी स्वतःच्या भाचीच्या हळदीत नाचत होत्या आणि मध्येच त्यांचाच आवाज भोंग्यातून आला, आणि सगळा मांडव त्यांच्याकडे बघून हसायला लागला. त्या तिथून न जेवता निघाल्या. बाजारात बसल्या तर पोरं मासळी घ्यायला येईनात, फोन वर धरून येत आणि म्हणत, “मावशी, एकदा बोला ना!” मग त्यांनी बसणंच सोडलं.

“मना पैसं नकोत, सायेब,” त्या म्हणाल्या. “माजी जागा जायाला नको.”

सरांनी फाइल घेतली. “तुमची फाइल ‘शेवगा’ या नावाने राहील.”

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. “शेवगा?” त्या म्हणाल्या. “माजी सासू मासली इकायची, तिची सासू मासली इकायची, नि तुमी मना भाजीत टाकता?”

“मग काय लिहू?”

“जिताडा लिवा.”

सरांना मासळीतलं काही कळत नाही. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, जिताडा म्हणजे काय. मी म्हटलं, सर, खाडीतला मासा, इथला सगळ्यात मानाचा. “अनावश्यक माहिती,” म्हणाले, आणि फाइलवर ‘जिताडा’ लिहिलं.

त्या गेल्यावर मी फोन काढला आणि सरांना क्लिप दाखवायला पुढे केला. त्यांनी फाइल डोळ्यांवर धरली. “बंद कर! पाहणाऱ्यांत आणखी एकाची भर पडेल.”

“सर, हजारो लोकांनी पाहिलंय.”

“मग माझ्यावाचून कुणाचं अडलंय?”

“पण सर, दावा त्यावरच आहे! न बघता लिहिणार कसा?”

“तू पाहिलं आहेस ना? तू सांग.”

मी शाळेच्या गॅदरिंगमध्ये दर वर्षी पडदा ओढायचं काम मागून घ्यायचे, कारण ते पडद्यामागून करता येतं. वर्गात हजेरीला माझा ‘प्रेझेंट’ दुसऱ्या बाकापर्यंतही पोहोचत नसे. अशा मला त्या दुपारी ऑफिसच्या मधोमध उभं राहून मावशी करावी लागली. पंचिंग मशीन पापलेट झालं. सर गिऱ्हाईक झाले आणि फारच मन लावून झाले. त्यांनी पंचिंग मशीनला सगळीकडून बोटं लावून पाहिली. खालून चहावाला सहा चहा घेऊन वर आला, दारात थांबला, आणि ट्रे ठेवून उलट पावली गेला.

“मग त्या म्हणतात, ‘घ्यायचा नाय तर हात कशाला लावतोस रे.’”

“उत्तम,” सर म्हणाले. “आमचा सगळा कायदा या एका वाक्यात आहे. पुढे?”

“पुढे बोलतात.”

“काय?”

“त्याला.”

“त्याला काय?”

“त्याच्या घरच्यांविषयी, सर.”

“घरच्यांविषयी काय?”

आता मी इंग्रजी शाळेत शिकले. इंग्रजी शिव्या मी कादंबऱ्यांत वाचल्या आहेत आणि गरज पडली तर मनातल्या मनात देतेही. मराठी शिव्या मला कळतात, पण तोंडातून निघत नाहीत; आमच्या घरात ‘गाढव’च्या पुढे कुणी गेलेलं नाही. आणि मावशी तर त्या मुलाच्या आईपासून सुरू होऊन त्याच्या न जन्मलेल्या मुलांपर्यंत गेल्या होत्या. मी बराच वेळ पंख्याकडे पाहिलं आणि म्हटलं, “सर, कडक बोलतात.”

सरांनी मान डोलावली आणि दाव्याचं कलम चार सांगायला लागले. ‘वादीने सदर ग्राहकास कडक शब्दांत समज दिली.’

“सर, ते वाक्य जरा...”

“टाइप करताना ज्युनियरने युक्तिवाद करू नये.”

मी टाइप केलं. त्यांनी पाहायचं नाही आणि मी उच्चारायचं नाही, अशी आम्हा दोघांची जोडी जमली होती, आणि त्यात मधल्या मधे मावशींचा दावा अडकला होता.

पहिल्या सुनावणीला पेजवाल्याचे वकील चकाचक कोट घालून आले, हातात टॅबलेट आणि बगलेत छोटा स्पीकर. त्यांनी दोन मुद्दे मांडले. बाजार ही सार्वजनिक जागा आहे, तिथे कसला आला खासगीपणा? आणि दुसरं, वादी खोटं बोलून कोर्टात आली आहे, तेव्हा तिला मनाई हुकूम मिळता कामा नये. “कलम चार वाचावं, मॅडम,” ते न्यायाधीशांना म्हणाले. “कडक शब्दांत समज! मी क्लिप लावतो. मग कोर्टानेच ठरवावं ही समज कोणत्या जातीची आहे.” आणि त्यांनी स्पीकर टेबलावर ठेवला. पट्टेवाल्यापासून मागच्या बाकांवरच्या लोकांपर्यंत सगळं कोर्ट एकदम ताजंतवानं झालं. शेवटच्या बाकावर मास्क लावून बसलेल्या मावशी आणखी खाली वाकल्या.

सर उठले. “हरकत आहे. जे पसरू नये म्हणून आम्ही आलोय ते इथेच पसरवायचं?”

“पण वकीलसाहेब, मी न पाहता निर्णय कसा देऊ?” न्यायाधीश मॅडम म्हणाल्या.

“चेंबरमध्ये पाहावं, मॅडम.”

“ठीक आहे. दोन्ही बाजूंचे वकील आत या.”

“मी येणार नाही.”

मॅडमनी चष्मा काढला. “तुम्हीच वादीचे वकील ना?”

“म्हणूनच. माझी ज्युनियर येईल. तिने पाहिलेलं आहे. तिचं व्हायचं ते नुकसान होऊन गेलंय.”

कोर्टात हसू उठलं. माझे कान इतके तापले की मला वाटलं ते सगळ्यांना दिसत असतील. त्या क्षणी मी सरांची नोकरी, वकिली, आणि शक्य झाल्यास पनवेल, तिन्ही सोडायचा निश्चय केला होता. पण तोपर्यंत पट्टेवाल्याने चेंबरचं दार उघडून धरलं होतं.

आत क्लिप पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजली. ठेक्याशिवायची, मूळची, सगळी. संपल्यावर मॅडमनी दाव्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. “कडक शब्द?” एवढंच म्हणाल्या.

“मॅडम, आमच्या सरांनी ही क्लिप पाहिलेली नाही,” मी म्हटलं. माझा आवाज दुसऱ्या बाकापर्यंतही गेला नसता, पण चेंबर लहान होतं. “मी त्यांना सांगितली. आणि मला ते शब्द सांगता आले नाहीत.”

“एकदाही पाहिली नाही त्यांनी?”

“नाही, मॅडम.”

समोरचे वकील म्हणाले, म्हणजे कलम चार खोटं आहे हे कबूल! मग मला काहीतरी बोलणं भाग पडलं, आणि घाईत माझ्या डोक्यात सरांचंच ‘जे ज्याच्यासाठी, ते त्याच्यापुरतंच’ हे वाक्य आलं, जे ते चौथ्या चहाच्या वेळी मला रोज ऐकवतात आणि ज्याचा मला मनापासून कंटाळा आला आहे. मी म्हटलं, “मॅडम, शब्द होते. पण ते त्या एका माणसासाठी होते. आपल्यासाठी नव्हते.”

मॅडमनी दाव्याचा कागद माझ्याकडे सरकवला. मग म्हणाल्या, “कलम चार दुरुस्त करून आणा. जे बोललं गेलं ते जसंच्या तसं लिहा. झाकाझाक नको. ते आल्याशिवाय मी हुकूम करणार नाही.”

बाहेर आल्यावर मी सरांना निरोप सांगितला. “मग लिहू,” ते म्हणाले. “सांग.” मी मान हलवली. “लिहून दे.” मी पुन्हा मान हलवली. “तुला शिकवून काय उपयोग?” असं ज्या माणसाने न पाहता दावा दाखल केला तो मला म्हणाला! शेवटी त्यांनी मावशींनाच ऑफिसात बोलावलं.

मावशी आल्या. नेहमीसारख्या मास्क लावून, पदर ओढून, खुर्चीच्या कडेवर. सर वही उघडून बसले आणि म्हणाले, “कोर्टाला तुमचे त्या दिवशीचे शब्द हवेत. तेवढे सांगा.”

“कन्चं शब्द?”

“क्लिपमधले. पहिलं वाक्य आहे माझ्याकडे. पुढचे नाहीत.”

“सायेब, मस्करी करता काय? अख्ख्या पनवेलला पाठ हायत. माज्या नातवाला पाठ हायत.”

“मी पाहिलेलं नाही.”

मावशींना ते पटेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “खरंच नाही पाहिलंय, मावशी. मी दाखवत होते तर डोळ्यांवर फाइल धरली.”

“नि त्या दिवशी कोर्टात? आतमंदी?”

“मी गेलेच नाही आत,” म्हणजे ‘सर गेलेच नाहीत’ असं म्हणायचं होतं मला, पण मीच गडबडले, आणि सरांनी मला हाताने थांबवलं. “मी आत गेलो नाही,” ते म्हणाले. “माझ्या अशिलाला मी तशा प्रकारे पाहावं, याची मला परवानगी नव्हती.”

खाली चहावाला कप विसळत होता, तेवढाच आवाज येत होता. मग मावशी म्हणाल्या, “हुकूम झाला तरी मी बसू कशी, हाच घोर होता मना. लोकांनी मोबाईलमधून काडलं तरी डोल्यांतून कुठं काडतील? ज्याच्याकडं बगू त्यानं बगितलेलं. मासली घेनारा, रिक्शावाला, डॉक्टर. मना वाटलं तुमी पन.” आणि त्यांनी मास्कच्या नाड्या कानावरून काढायला सुरुवात केली.

सरांनी ताबडतोब वहीत डोकं घातलं. “चेहरा दाखवण्याची सक्ती नाही. या ऑफिसात तशी अट नाही.”

“सक्ती नाय, माजी मर्जी हाय,” मावशी म्हणाल्या. “तुमी सारखं म्हनता ना संमती, संमती? माजी संमती हाय. बगा.”

सरांनी वर पाहिलं. मग, एवढ्या भेटींनंतर, त्यांनी पहिल्यांदा भेटणाऱ्या माणसाला करतात तसा हात जोडून “नमस्कार” केला.

“नमस्कार,” मावशी म्हणाल्या, आणि उठून उभ्या राहिल्या, पदर खोचला, टेबलावरचं पंचिंग मशीन उचललं, आणि सगळं पहिल्यापासून बोलल्या. पुऱ्या आवाजात. खालचा कप विसळण्याचा आवाज थांबला. सर लग्नाची यादी लिहावी तितक्या गंभीरपणे लिहीत होते. मध्ये एकदा त्यांनी हात वर केला आणि विचारलं, “हा शब्द त्याच्या मामाला उद्देशून, की काकाला?” “मामाला,” मावशी म्हणाल्या, “काका पुडं हाय.” मी पंख्याची पाती पाहत राहिले. संपल्यावर मावशी खुर्चीत मागे रेलून बसल्या आणि हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. ते पाणी सगळंच हसण्याचं नव्हतं.

ते दुरुस्त कलम चार मी एका बोटाने, अर्धे डोळे मिटून टाइप केलं. मनाई हुकूम झाला. पेजवाल्याने क्लिप काढली, ॲपवाल्यांनीही काढली. पूर्ण गेली असं मी म्हणणार नाही. या गोष्टी पूर्ण जात नाहीत. अजून कुठल्यातरी गावच्या हळदीत तो ठेका वाजतो, आणि सर जवळपास असले तर दोन्ही कानांत बोटं घालून भर रस्त्यात उभे राहतात, आणि मला त्यांची पिशवी, छत्री आणि फाइल तिन्ही धराव्या लागतात. पण मावशींच्या ओट्यावरची पाटी आता सरळ आहे. मास्क नाही. एखादं पोरगं अजून फोन वर करतं, तेव्हा मावशी कोयता वर करतात. मी सरांबरोबर बाजारावरून जात असले की त्या सगळ्या गलक्यातून हाक मारतात, “ओ वकील सायेब!” आणि सगळा बाजार वळून पाहतो. “झालं,” सर मला पुटपुटतात, “मी कोण, कुठून चाललोय, सगळं जाहीर.” पण छत्री उघडत नाहीत. एकदा तर उघडलेली मिटलीही होती.

या माणसाने मला आजवर जेवढं वैतागवलं आहे तेवढं कुणी वैतागवलेलं नाही. आज सकाळीच त्यांनी एका नव्या अशिलाला, चांगल्या प्राध्यापक बाईंना, माझ्यादेखत ‘सुरण’ म्हटलं. पण त्या दुपारी मावशींनी मास्क काढला, तेव्हा सरांनी जसं पाहिलं ते मला अजून आठवतं. त्या खोलीत तो चेहरा पहिल्यांदा पाहणारा एक माणूस होता, आणि मावशी त्याच्याकडेच बघत होत्या. मीही तिथेच, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. मीही तो पहिल्यांदाच पाहत होते, असं मला म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं.